कायद्याचे गुरुजी आणि मावळातली चावडी



तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास कधी उभे राहिला आहात का? डोंगराकडून पहिल्या एस. टी.नं आलेली माणसं झाडाखाली बसलेली असतात. कुणाजवळ कापडी पिशवी, कुणाजवळ प्लास्टिकची. पिशवीत सातबाराचे उतारे, एखादी नोटीस, आजोबांच्या वेळचा पिवळा पडलेला कागद. सहज विचारावं, "आजोबा, कागदात काय लिहिलंय?" तर उत्तर येतं, "ते वकिलाला ठावं." आपल्या शेताचा बांध कुठून सुरू होतो, पावसाळ्यात पाणी कुठं तुंबतं, कुठल्या खाचरात आंबेमोहोर चांगला येतो, हे ज्याला डोळे मिटून सांगता येतं, त्याला त्याच शेताच्या कागदावर काय लिहिलं आहे ते मात्र दुसऱ्याला विचारावं लागतं.

आणि इथून पन्नास-साठ किलोमीटरवर पुणं आहे. तिथं कायद्याची मोठमोठी कॉलेजं आहेत. तिथले प्राध्यापक ग्रंथ लिहितात, परिषदांना जातात, मानसन्मान मिळवतात. त्यांची नावं वर्तमानपत्रांत येतात. तुम्ही म्हणाल, असतील मोठी माणसं. पण त्यांच्या विद्वत्तेचा आम्हांला भोर-वेल्ह्याकडच्या माणसांना काय उपयोग? प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याचंच उत्तर आपण शोधू या.

डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकवणारा माणूस रोगी तपासतो, हे आपल्याला दिसतं. शेतकी कॉलेजातला माणूस नवं बी तयार करतो, तेही दिसतं. कायद्याच्या कॉलेजातला गुरुजी करतो काय? माझ्या मते त्याची कामं तीन. जो कायदा आहे तो नीट उकलून सांगणं, हे पहिलं. तो कायदा न्यायाचा आहे की नाही हे पारखणं आणि नसेल तर तसं निर्भयपणे बोलणं, हे दुसरं. आणि ज्याच्यासाठी कायदा केला त्याच्या उंबऱ्यापर्यंत तो नेऊन पोचवणं, हे तिसरं. तिन्ही कामांची उदाहरणं आपल्या महाराष्ट्रात आहेत.

पहिल्या कामापासून सुरुवात करू. पुण्यात 1923 साली इंडियन लॉ सोसायटी नावाची संस्था निघाली आणि 1924 साली तिनं लॉ कॉलेज सुरू केलं. ज्या रस्त्यावर हे कॉलेज आहे त्याचं नावच पुढं लॉ कॉलेज रस्ता पडलं. या कॉलेजचे पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे. त्या काळी वारसाहक्काचे दावे कशावर चालत? मिताक्षरा, व्यवहारमयूख असे संस्कृत ग्रंथ मुंबई इलाख्यातल्या कोर्टांत प्रमाण मानले जात. म्हणजे गंमत पहा. विधवा सुनेला काय मिळायचं, दत्तकाला काय मिळायचं, हे लिहिलेलं संस्कृतात; कोर्टाचा कारभार इंग्रजीत; आणि दावा लावणारी बाई बोलणार मराठी! घारपुऱ्यांनी हे मूळ ग्रंथ संपादून छापले, त्यांचे इंग्रजी अनुवाद केले. वर्षानुवर्षं चालणारं, डोळे शिणवणारं काम ते. पण त्यामुळं न्यायाधीशाला आणि वकिलाला मूळ वचन काय आहे ते स्वतः पाहता येऊ लागलं. याच कॉलेजातून पुढं देशाचे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर आणि य. वि. चंद्रचूड शिकून बाहेर पडले. शिक्षकाची कमाई त्याच्या विद्यार्थ्यांत दिसते, हे गुरुजीमंडळींना वेगळं सांगायला नको.

आता दुसरं उदाहरण. हे तर आपल्या घाटाखालचंच आहे. भोरहून वरंधा घाट उतरलं की महाड. या महाडच्या चवदार तळ्याचं पाणी अस्पृश्य मानलेल्या माणसांना पिऊ देत नसत. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह जाऊन ते पाणी ओंजळीत घेतलं. ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत शिकवली जाते. पण पुढची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गावातल्या काही सवर्ण मंडळींनी बाबासाहेबांवर दिवाणी दावा लावला. तळं आमच्या मालकीचं आहे, अस्पृश्यांनी त्याला शिवायचं नाही अशी फार पूर्वीपासूनची वहिवाट आहे, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह व्हायचा होता, तर त्याआधीच कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आला. हजारो माणसं जमलेली, मनं तापलेली. तरी बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं आणि लढाई कोर्टात नेली. त्यात दहा वर्षं गेली. 1937 साली मुंबई हायकोर्टानं निकाल दिला, की अशी अनादिकाळापासूनची वहिवाट वादींना शाबीत करता आलेली नाही. दावा फेटाळला गेला.

निकाल लागला तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. 1935 ते 1938 ही तीन वर्षं त्यांनी ते पद सांभाळलं. म्हणजे वर्गात कायदा शिकवणारा हा माणूस बाहेर त्याच कायद्याच्या जोरावर पाण्याचा हक्क मागत होता. 'वहिवाट' हा शब्द आपण रोज वापरतो. "आमची वहिवाटच आहे" असं म्हटलं, की वाद संपला असं आपल्याला वाटतं. महाडच्या निकालानं शिकवलं, की वहिवाट नुसती सांगून भागत नाही, ती शाबीत करावी लागते. मग सांगणारा गावातला कितीही मोठा असामी असो.

तिसरं उदाहरण बोलायला जड आहे, पण बोललं पाहिजे. पूर्व विदर्भात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी ठाण्यातलेच दोन पोलीस. खालच्या कोर्टात ते सुटले. नागपूरच्या हायकोर्टानं त्यांना शिक्षा दिली. 1978 साली सुप्रीम कोर्टानं त्यांना पुन्हा सोडलं. कारण काय, तर मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, तिनं आरडाओरडा केलेला दिसत नाही; तेव्हा तिची संमती असली पाहिजे. देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टाचा शब्द! त्यावर कोण बोलणार?

चार माणसं बोलली. दिल्ली विद्यापीठात कायदा शिकवणारे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर, आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धगमवार. सप्टेंबर 1979 मध्ये या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यांनी विचारलं ते साधं होतं. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, दोन पोलिसांसमोर एक गरीब मुलगी गप्प राहिली, तर ती संमती कशी? भीतीनं मान खाली घालणं वेगळं आणि राजीखुशीनं हो म्हणणं वेगळं. त्या पत्रानं देश जागा झाला. गावोगावच्या बायका रस्त्यावर आल्या. 1983 साली कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी असा अत्याचार झाला, संबंध आल्याचं शाबीत झालं आणि स्त्रीनं कोर्टात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर कोर्टानं तिचं म्हणणं खरं धरून चालावं, असं ठरलं. 1 जुलै 2024 पासून जुने फौजदारी कायदे जाऊन नवे आले. त्यांतही हे तत्त्व कायम आहे.

त्या मुलीचा निकाल काही बदलला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पत्र लिहून तिला न्याय मिळाला नाही. पण तिच्यामागून येणाऱ्या मुलींची वाट थोडी सोपी झाली. वसुधाताईंनी पुढं कायदा सामान्य बायामाणसांना समजेल अशा भाषेत सांगण्याचं काम हाती घेतलं. त्यासाठी 1985 साली त्यांनी दिल्लीत 'मार्ग' नावाची संस्था उभारली. हे झालं तिसरं काम, पोचवण्याचं.

पुण्याच्या लॉ कॉलेजचे एक प्राचार्य डॉ. सत्यरंजन साठे यांचंही नाव इथं घेतलं पाहिजे. सरकारी अधिकाऱ्याच्या हातात सत्ता किती असावी, तिला लगाम कुणी घालावा, या विषयावरचा त्यांचा ग्रंथ देशभर कायद्याचे विद्यार्थी वाचतात. कोर्टांनी लोकांच्या प्रश्नांत किती पुढं यावं, यावरचा त्यांचा ग्रंथ 2002 साली निघाला. माहितीच्या अधिकारावरही त्यांनी लिहिलं. आज ग्रामपंचायतीच्या खर्चाचा हिशेब मागणारा एखादा तरुण साध्या कागदावर अर्ज लिहितो, तेव्हा त्याच्या पाठीशी अशा विद्वानांचं लिखाण उभं असतं. त्याला त्याची कल्पना नसली तरी! याच कॉलेजातल्या डॉ. जया सागडे यांनी बालविवाहावर संशोधन केलं. त्यांचं पुस्तक 2005 साली प्रसिद्ध झालं. आणि 2006 साली बालविवाहाविरुद्धचा नवा कायदा आला, तोच आज लागू आहे.

बरं, हा झाला मोठ्या माणसांचा वृत्तांत. आता आपल्या मावळात येऊ.

कायदा ही गोष्ट मावळाला नवी नाही. शिवकाळात आणि त्याआधीही इथं न्यायाच्या सभा भरत. भोरच्या बाजूला हिरडस मावळ आणि रोहिडखोरं, वेल्ह्याच्या बाजूला गुंजण मावळ आणि कानदखोरं. बांदल, जेधे, सिलीमकर, मरळ ही इथली देशमुख घराणी. वतनाचा, शिवेचा, वाटणीचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि बारा बलुतेदार सभेला असत. दोन्ही पक्षांचं ऐकून निवाडा होई आणि त्याचा कागद होई, त्याला महजर म्हणत. त्या महजरावर हजर असलेल्यांच्या निशाण्या असत. कुणब्याची निशाणी नांगर. सुतार, न्हावी, चांभार यांची आपापल्या हत्याराची. डॉ. वि. त्रिं. गुणे यांनी असे शेकडो जुने कागद पाहून मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर ग्रंथ लिहिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तो 1953 साली छापला.

तो काळ सोन्याचा होता असं मात्र समजू नका. त्या सभेत बाईला बोलायला जागा नव्हती. महार-मांगांची निशाणी कागदावर असे, पण त्यांचा मान शेवटचा. खरंखोटं ठरेना तेव्हा तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढायला लावण्यासारखी दिव्यंही होत. ते गेलं ते बरंच झालं. पण त्या सभेची एक गोष्ट घेण्यासारखी होती. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याच्यासमोरसुद्धा त्याचा तंटा त्याच्या बोलीत, त्याच्या गावात बोलला जाई. नांगराची निशाणी करणाऱ्याला आपण कशावर निशाणी करतो ते ठाऊक असे. आज आपल्याला सही करता येते. पण कशावर सही करतो ते दर वेळी ठाऊक असतंच असं नाही.

एक नेहमीचा प्रसंग सांगतो. घरातला म्हातारा जातो. दिवसकार्य होतं. मग भाऊ म्हणतो, "ताई, तालुक्याला येऊन जा एकदा, सही लागतीय." बहीण येते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कागद पुढं येतो. त्याचं नाव हक्कसोडपत्र. बहीण सही करते, अंगठ्याचा ठसा देते, साडीचोळी घेऊन सासरी जाते. कुणी फसवलं असं दर वेळी नसतं. बहिणीच्या मनात असतं की माहेर तुटू नये. भावाच्या मनात असतं की जमिनीचे तुकडे होऊ नयेत. दोघांचीही मनं समजण्यासारखी आहेत.

पण कायदा काय म्हणतो ते दोघांना माहीत हवं. महाराष्ट्रानं 1994 सालीच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हिस्सा दिला. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभराचा हिंदू वारसा कायदा बदलला आणि लग्न झालेलं असो वा नसो, मुलगी जन्मानंच हिस्सेदार ठरली. त्या दिवशी वडील हयात नव्हते तर काय, हा वाद पुष्कळ वर्षं चालला. 11 ऑगस्ट 2020 रोजी सुप्रीम कोर्टानं तो मिटवला. वडील त्या दिवशी हयात असायलाच पाहिजेत असं नाही, मुलीचा हक्क जन्माचा आहे, असं कोर्टानं सांगितलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्र्या मात्र यानं मोडत नाहीत.

तेव्हा हक्क सोडायचा की ठेवायचा, ही त्या बहिणीची मर्जी. तिनं खुशाल सोडावा. पण जे आपलं आहे ते सोडतो आहोत, हे कळून सोडावं. नोंदवलेलं हक्कसोडपत्र पुढं मोडायचं म्हटलं तर फसवणूक किंवा दबाव कोर्टात शाबीत करावा लागतो, आणि ते काम सोपं नाही. आपल्या भागात हे आज जास्तच महत्त्वाचं झालं आहे. भोर आणि वेल्हे, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात, हे पुण्याच्या हाकेच्या अंतरावर. धरणाचं पाणी, डोंगर, गार हवा यांमुळं इथल्या माळालाही भाव आला. शहरातला माणूस जमीन बघायला येतो. ज्या वरकस तुकड्याकडं कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्याचे पैसे होऊ लागले. मग दहा वर्षांपूर्वी केलेली सही आठवते आणि भावाबहिणीत न बोलण्याइतकी तेढ पडते. सही करण्याआधी अर्धा तास कुणी नीट समजावलं असतं तर हे टळलं असतं.

जमिनीच्याच आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो. वारसाची किंवा खरेदीची नोंद फेरफारात घालताना संबंधितांना नोटीस निघते. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. ती नोटीस तशीच फळीवर ठेवून देऊ नका. तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. दुसरी गोष्ट वाटेची. शेतात जायची पूर्वापार वाट शेजाऱ्यानं काटे टाकून अडवली, तर भांडायला काठी घेऊन जाऊ नका. 1906 सालचा मामलेदार कोर्टाचा कायदा आजही चालू आहे. त्याखाली तहसीलदारांकडं दावा लावता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मुदत गेली तर हा सोपा मार्ग बंद होतो. आणि शेताला वाटच नसेल, तर महसूल कायद्याच्या कलम 143 प्रमाणं बांधावरून वाट मागता येते. सहा महिने हा एक आकडा ठाऊक नसल्यानं किती माणसं वर्षानुवर्षं दिवाणी कोर्टाच्या फेऱ्या घालतात!

तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं. पण वकिलाला द्यायला पैसे कुठून आणायचे? ऐका. राज्यघटनेत 1976 साली कलम 39-अ घालण्यात आलं. पैशावाचून कुणाचा न्याय अडू नये, सरकारनं मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं ते सांगतं. त्याप्रमाणं 1987 साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला आणि 1995 पासून तो अमलात आला. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग, कामगार, कोठडीत असलेला माणूस, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेला, यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चानं वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे; महाराष्ट्रात ती वर्षाला 3 लाख रुपये आहे. वकिलाची फी, कोर्ट फी, नकलांचा खर्च सगळं त्यात येतं. अर्ज तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं करायचा. 15100 या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. हा क्रमांक शाळेच्या आणि चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून ठेवण्यासारखा आहे.

लोकअदालत ही त्याच कायद्यातली सोय. दोघांच्या राजीखुशीनं तडजोड होते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण लक्षात ठेवा, तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून घाईनं मान डोलवू नये. मनाला पटलं तरच सही करावी. नाही पटलं तर नाही म्हणायचा तुम्हांला पुरा हक्क आहे.

आता कायद्याच्या कॉलेजांचा संबंध कुठं येतो ते सांगतो. प्रत्येक कायद्याच्या कॉलेजात मोफत सल्ला केंद्र असलंच पाहिजे, असा बार कौन्सिलचा 2008 सालचा नियम आहे. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी ते चालवायचं असतं. ही मुलं खेड्यात शिबिरं घेतात. पुण्याहून एक बस येते, शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, फलक लागतो, भाषणं होतात, एखादं पथनाट्य होतं, फोटो निघतो, आणि चार वाजता बस परत जाते. खोटं कशाला बोलावं, पुष्कळ शिबिरं अशीच होतात. त्यात मुलांचाही दोष नाही. गाव काय विचारणार हे त्यांना माहीत नसतं, आणि काय विचारायचं हे गावाला माहीत नसतं.

पण हेच शिबिर उपयोगाचं करता येतं. ते आपल्या हातात आहे. शिबिराच्या आधी आठवडाभर गुरुजींनी आणि सरपंचांनी गावात फिरून अडचणी लिहून घ्याव्यात. कुणाची वारसनोंद राहिली आहे? कुणाची वाट अडली आहे? धरणात जमीन गेली आणि पर्यायी जमिनीचा कागद अजून हातात नाही, असं कोण आहे? भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी. एवढी धरणं पोटात घेतलेला हा मुलूख आहे. असे कागद घरोघरी निघतील. रानात पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कातकरी, महादेव कोळी, धनगर घरं आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली त्यांनी दावा केला आहे का? त्या कायद्यात दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते, कचेरीत नाही, हे ग्रामसभेला सांगितलं आहे का? ही यादी कॉलेजकडं आधी पाठवावी. म्हणजे प्राध्यापक तयारीनं येतील. भाषणं कमी ठेवावीत. टेबलं मांडावीत, एकेका टेबलाशी दोन-दोन विद्यार्थी बसवावेत, आणि माणसांनी आपले मूळ कागद नव्हे, तर नकला घेऊन यावं. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नयेत. एक टेबल फक्त बायकांसाठी, जरा आडोशाला ठेवावं. मंडपात चारचौघांत कुठली बाई आपलं दुखणं सांगणार?

आणि मांडव उतरवण्याआधी एक तारीख मागून घ्यावी. पुन्हा कधी येणार? आज लिहून घेतलेल्या अर्जांचं काय झालं ते कोण सांगणार? तारीख मिळाली तर ते शिबिर. नाही मिळाली तर ती सहल.

याचा फायदा एकट्या गावाला होतो असं नाही. पुस्तकात 'सहहिस्सेदार' हा शब्द वाचलेल्या मुलाला इथं तो माणूस म्हणून भेटतो. सातबारावर नाव नसलेली, पण चाळीस वर्षं भात लावलेली म्हातारी त्याला भेटते. उद्या तो वकील होईल, न्यायाधीश होईल. त्या वेळी ती म्हातारी त्याला आठवली पाहिजे. प्राध्यापकालाही कळतं, की आपण वर्गात शिकवतो तो कायदा कुठं पोचतो आणि कुठल्या घाटात अडकतो. पोलीस ठाण्यातली ती मुलगी नुसती निकालाच्या पुस्तकातलं नाव म्हणून वाचली गेली असती, तर ते पत्र लिहिलं गेलं नसतं.

शेवटी गुरुजी आणि बाईंसाठी दोन शब्द. तुमच्या वर्गातली आठवी-नववीतली एखादी मुलगी दिवाळीनंतर शाळेत येईनाशी होते. तुम्हांलाच ते सगळ्यांत आधी कळतं. मुलीला 18 आणि मुलाला 21 वर्षं पुरी झाल्याशिवाय लग्न हा गुन्हा आहे. गावातला ग्रामसेवक, आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हा बालविवाह थांबवणारा अधिकारीही आहे. 1098 या मुलांसाठीच्या क्रमांकावर कुणीही कळवू शकतं. लग्न होऊनच गेलं असलं, तरी ती मुलगी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते रद्द करून मागू शकते. पण दारात मांडव पडल्यावर पोलीस आणण्यापेक्षा, सुपारी फुटायच्या आधी गुरुजींनी घरी जाऊन बापाशी चार शब्द बोलावेत, हे केव्हाही चांगलं. बापाचा वैरी म्हणून जाऊ नका. मुलीचा गुरुजी म्हणून जा.

निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, शिकलेली तरुण मुलं यांना विधी सेवा प्राधिकरण शिकवून तयार करतं. त्यांना विधी स्वयंसेवक म्हणतात. अर्ज लिहून देणं, वकील मिळवून देणं, कोर्टापर्यंत वाट दाखवणं ही त्यांची कामं. आपल्या गावातून असा एक माणूस आणि एक बाई निघाली, तर पुण्याच्या बसची वाट पाहायची वेळ कमी येईल.

आणि एक सोपी गोष्ट उद्याच करता येईल. शनिवारची शाळा सुटायच्या आधी अर्धा तास सातवीच्या मुलांना घरून सातबाराची नकल आणायला सांगा. फळ्यावर मोठा सातबारा काढा. हे गाव नमुना सात, हे बारा. हे भोगवटादाराचं नाव, हा गट नंबर, हे क्षेत्र, हा इतर हक्कांचा रकाना, इथं सोसायटीचा बोजा. मुलं घरी जाऊन आजोबांना वाचून दाखवतील. आणि एखादी चौकस पोर नक्की विचारील, "आजोबा, यात आत्याचं नाव कुठं आहे?"

त्या प्रश्नाचं उत्तर त्या घरानं आपसांत शोधावं. अडलंच तर कायद्याचे गुरुजी आहेत, विधी सेवा समिती आहे, कोर्ट आहे. पण आधी तो प्रश्न घरात विचारला गेला पाहिजे.